चार लोड आणि चौदा तोंडं

सदाच्या दहाव्याला मी चुकीच्या गावी गेलो. सदाशिव कळसचा, आणि मी गाडी घातली अंथुर्ण्याला. कारण एवढंच, की वीसेक वर्षांपूर्वी त्याचं लग्न अंथुर्ण्यात लागलं होतं, मी बँडपुढं घामाघूम होईपर्यंत नाचलो होतो, आणि नाचलेलं गाव माणसाच्या डोक्यात पक्कं बसतं. लग्न मुलीच्या दारात होतं, म्हणजे अंथुर्णं हे त्याच्या बायकोचं माहेर, हे कळायला फार अक्कल लागत नाही. तेवढीही त्या दिवशी माझ्याजवळ नव्हती. फाट्यावरच्या टपरीत विचारलं, "दहावा कुठंय हो?" टपरीवाल्यानं सुपारी कातरता कातरता हनुवटीनं दिशा दाखवली. गेलो, चपला काढल्या, पुरुषांच्या ओळीत मांडी घालून बसलो. महाराजांचं प्रवचन रंगात आलं होतं. पुढं हार घातलेला फोटो. फोटोत पटका बांधलेला, गालफडं बसलेला, ऐंशीच्या घरातला माणूस. मी मनात म्हटलं, शेवटी शेवटी फारच खंगला सदा... बारा वर्षांत काय होऊन बसतं माणसाचं. पाऊण तास बसलो. डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यानं मांडीवर हात ठेवून विचारलं, "पावणं कुठलं?" म्हटलं, "बारामतीकडचा, काटेवाडीचा. सदाशिवचा मित्र." म्हातारा म्हणाला, "कोण सदाशिव?" मग जरा थांबून, "मग मगापासनं रडताय कुणापायी?"

कळसला पोचलो तेव्हा मंडपाचे बांबू सोडत होते. सदाची बायको, शालनवहिनी, बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली, मीही हलवली, आणि कोणी काही विचारायच्या आत गाडी वळवली. मृत माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे आणि हा लेख वाचणाऱ्यांची तीच अपेक्षा असणार. मीही लिहीन, कारण सदाइतका हाताचा खरा माणूस मी पाहिलेला नाही. पण आधीच सांगून टाकतो की ज्या माणसानं मला भर टेबलावर उघडं पाडलं, त्याच्याबद्दल हा लेख आहे. तो सकाळी डाळिंबाच्या बागेत पाणी धरायला गेला आणि बांधावरच आडवा झाला. मंगलताईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. आधी आलं ते असं, की आता याला जाब विचारायचा राहिला.

मंगलताई आमच्या शेडमध्ये केबलला कनेक्टर बसवायच्या. शेड म्हणजे बारामतीच्या एमआयडीसीतला पत्र्याचा गाळा. मी आणि सदा डिप्लोमाला एका बाकावर होतो. पास झाल्यावर दोघांनी मिळून तो घेतला. तोंड माझं आणि हात त्याचे, अशी वाटणी न ठरवताच झाली. आम्ही कोॲक्स केबलच्या जुड्या बनवायचो. कोॲक्स म्हणजे डिश टीव्हीला येते तसलीच केबल, मधे तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरं कवच, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी. फक्त आमची केबल वायरलेसच्या टॉवरसाठी, म्हणून जास्त नाजूक आणि जास्त मानी. अशा आठ केबली एकत्र बांधायच्या, दोन्ही टोकांना आठ-आठ तोंडं काढायची, की झाली एक असेंब्ली. असेंब्ली म्हणताना मंगलताईंची जीभ अडखळायची. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला जुडी करून टाकलं, मेथीची असते तशी, आणि पुढं पुण्याच्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना माझ्याही तोंडून जुडीच निघायला लागलं.

बनवणं सोपं, तपासणं अवघड. आठपैकी एका केबलमध्ये घातलेला सिग्नल शेजारणीत झिरपता कामा नये, हे मोजायचं असतं. मोजायचं मशीन आमच्याकडं होतं, जुनं, दुसऱ्याचं वापरलेलं, त्याला तोंडं दोन. जुडीला तोंडं सोळा. दोन मशीनला लावली की चौदा उघडी राहतात, आणि उघड्या तोंडाशी गेलेला सिग्नल भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा माघारी येऊन मोजमापाचा विचका करतो. म्हणून त्या प्रत्येक तोंडावर एक पितळी टोपण बसवायचं. त्याला लोड म्हणतात. ते आलेला सिग्नल गिळून टाकतं, परत फिरू देत नाही. चौदा तोंडांना चौदा लोड हवेत. आमच्याकडं चार होते.

चार लोडांवर सदानं जो संसार केला तो बघण्यासारखा होता. ज्या दोन केबली मोजायच्या, त्यांच्या सख्ख्या शेजारणींची तोंडं आधी बंद करायची, आकडा घ्यायचा. मग तेच चार लोड उचलून पलीकडच्या तोंडांवर, पुन्हा आकडा. मग लोडांची आपसात अदलाबदल, पुन्हा आकडा. कुठला लोड कुठं होता हे कळावं म्हणून त्यानं शालनवहिनींची नेलपॉलिश आणून चौघांना रंग दिले होते: लाल, गुलाबी, जांभळा, आणि एक चमचमणारा. वहीत तसंच लिहायचा, 'तीन ते चार, जांभळा पाचवर.' मी विचारलं, अदलाबदल कशाला करतोस रे? तर म्हणाला, "लोड बदलल्यावर आकडा बदलला तर खोट लोडात. आकडा तसाच ऱ्हायला तर खोट केबलीत. शिवी देण्याआधी कुणाला द्यायची ते बगावं माणसानं." रोज सकाळी मशीन तासभर तापवून तो आधी एक ठेवणीतली केबल मोजायचा, कालचाच आकडा आला की मशीनच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "उठला गडी." मगच दिवसाचं काम. एका जुडीला अख्खी दुपार.

मी त्या टेबलाजवळ गेलो की काहीतरी मोडायचो. कनेक्टर आवळायला एक खास पाना होता, ठरलेल्या जोरावर टक् वाजणारा. मी एकदा तो सापडेना म्हणून पकडीनं आवळलं आणि मधली पिन पिळून टाकली, मशीनच्या तोंडासकट. सदानं भिंगातून बघितलं, पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "टक् झालं की हात काढायचा, बाळ्या. उरलेला जोर घरी घिऊन जायचा." दुसऱ्यांदा मी जेवणाच्या सुट्टीत वीज वाचावी म्हणून मशीनच बंद केलं आणि त्याचं सकाळपासूनचं जुळवलेलं माप पुसून टाकलं. त्या दिवशी तो डबा घेऊन बाहेर बाभळीखाली एकटा जेवला. असल्या फजित्या मी पुढं चारचौघांत रंगवून सांगायचो. सांगताना मात्र हळूहळू माझी फजिती बाजूला पडायची आणि सदाचा संथपणाच पुढं यायचा... लोक हसायचे. माणूस हसतोय म्हटल्यावर मला थांबता येत नाही, हा माझा जुना आजार.

चाळीस जुड्यांची ऑर्डर आली आणि सगळं बिघडलं. बिघडवलं मीच. जुडी देखणी दिसावी म्हणून मी मंगलताईंना सांगितलं, की तोंडाजवळचा प्लॅस्टिकचा पट्टा हातानं नको, पकडीनं खेचून आवळा. जुड्या दिसायला लागल्या नव्या नवरीसारख्या. सदानं अकरा मोजल्या आणि बारावीला थांबला. म्हणाला, "तीनमधला सिग्नल चारमधी उतरतोय. तुजा पट्टा जाळी फाकवतोय. समद्या मोजाव्या लागत्याल." मी म्हटलं, एकीत सापडलं म्हणजे एकीतच आहे, ती बाजूला काढ. पुण्याहून रोज फोन येत होते, मी रोज 'उद्या' म्हणत होतो. नेमकं त्याच आठवड्यात सदाच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन इंदापूरला ठरलं आणि तो तीन दिवस रजेवर गेला.

त्या तीन दिवसांत मी जे केलं त्याला आमच्या धंद्यात नाव नाही. उरलेल्या अठ्ठावीस जुड्यांच्या फक्त सरळ केबली मोजल्या, या टोकातून त्या टोकाला सिग्नल जातोय ना, बस. झिरपण्याचे आकडे चांगल्या जुडीच्या रिपोर्टवरून उतरवले. बाजूला काढलेल्या जुडीचा पट्टा कापून नवा लावला आणि तीही पेटीत टाकली, म्हणजे चाळीस भरल्या. आकडे अगदी सारखे दिसू नयेत म्हणून दशांशानंतरचा शेवटचा अंक प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा बदलला, आणि या कारागिरीचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवतो. खाली 'तपासणारा' अशी जागा होती. तिथं सदाची सही लागायची. त्याची सही सोपी: एक स आणि पुढं लांब रेघ. मी ती रेघ त्याच्यापेक्षा चांगली मारली.

सदा परत आला, फायलीतली रिपोर्टाची प्रत काढून वाचली, सहीवरून अंगठा फिरवला, घडी केली आणि खिशात ठेवली. मला वाटलं, समजून घेतलं त्यानं. मित्र आहे, घेणारच.

दहाएक दिवसांनी पुण्याला बोलावणं आलं. मला वाटलं, पुढच्या ऑर्डरचं. नवा शर्ट घालून गेलो. टेबलापलीकडं एक शांत साहेब होते, त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, तुमच्याकडं तपासणी कशी होते ते जरा सांगा. झालं, मला तेवढंच हवं होतं. ठेवणीतली केबल, टक् वाजणारा पाना, शेजारणींची तोंडं आधी, सगळं सदाचं शास्त्र मी माझं म्हणून सांगितलं, आणि इतकं छान सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. साहेबांनी विचारलं, "मशीनला दोन तोंडं. मग उरलेल्या चौदांना लोड किती आहेत तुमच्याकडे?" मी म्हटलं, "चौदा." त्यांनी खण उघडला आणि वहीचं एक पान माझ्यापुढं सरकवलं. सदाचं अक्षर. 'आमच्याकडे लोड चार आहेत. मी अकरा जुड्या पुऱ्या तपासल्या आणि बारावीत खोट सापडली. बाकीच्या तपासलेल्या नाहीत, रिपोर्टावरची सही माझी नाही. प्रत्येक जुडीतल्या तीन आणि चार नंबरच्या केबली पुन्हा मोजून घ्याव्यात.' खाली स आणि लांब रेघ. बघितलं तर खरी रेघ जरा थरथरती होती... ती थरथर मला कधी जमली नव्हती.

जुड्या परत आल्या. त्यांनी तिकडं मोजल्या होत्या, सात झिरपत होत्या. काम बंद झालं, मंगलताई आणि बाकी तिघी घरी बसल्या. माझी चूक होती हे मला तेव्हाही कळत होतं, मी इतका मठ्ठ नाही. पण चूक एक आणि दगा वेगळा. घरातलं भांडण घरात नको? एकदा माझी कॉलर धरायची होती, दोन मुस्काटात द्यायच्या होत्या, मी खाल्ल्या असत्या. एका बाकावर बसलेल्या, एका डब्यातलं जेवलेल्या माणसाला न सांगता परक्याला चिठ्ठी लिहायची? मी शेडमध्ये येऊन हेच ओरडलो. तो लोड डबीत भरत होता. म्हणाला, "ती केबल टावरवर चढली असती, बाळ्या." मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस आधी?" त्यानं डबी टेबलावर ठेवली, पाना तिच्याशेजारी ठेवला आणि सायकल काढून निघून गेला.

त्या एका प्रश्नावर मी बारा वर्षं काढली. शेडमध्ये नंतर मोटारींचे स्टार्टर बनवायला लागलो, त्यांना तपासायला काही लागत नाही, मोटार फिरली की झालं. सदा कळसला डाळिंब करायचा आणि गावाची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायचा, हे कानावर यायचं. एकदा बारामतीच्या मंडईत समोरासमोर आलो. त्यानं हात अर्धा वर केला. मी वाकून कांदे निवडायला लागलो. वर बघितलं तेव्हा तो गेला होता आणि माझ्याकडं नको असलेले तीन किलो कांदे होते. लोकांना मी ही गोष्ट सांगायचो, 'दग्याची गोष्ट' म्हणूनच सांगायचो, आणि पुण्याच्या साहेबांची नक्कल तर मी फारच हुबेहूब करतो. ऐकणारे माझ्या बाजूनं हळहळायचे.

दहाव्यानंतर तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "त्यांच्या खोलीत तुमच्या कामाचं सामान हाय. आमाला त्यातलं कळत न्हाय. घिऊन जावा." या वेळी गाव बरोबर निघालं. घराच्या मागं विटांची एक खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर सगळं इतकं नेटकं की हात लावायला भीती वाटावी. स्क्रू आकाराप्रमाणं बाटल्यांत. सोल्डरिंगची लोखंडी कांडी तिच्या स्टँडमध्ये. वहिनींनी फळीवरून मिठाईचा एक चपटा खोका काढला आणि चहा आणायला गेल्या. मी झाकण उघडलं. आत कापसात लोड होते, घरी बनवलेले. कनेक्टरच्या पोटात बारीक रेझिस्टर जोडून केलेले, प्रत्येकाला वेगवेगळा नेलपॉलिशचा ठिपका, प्रत्येकाखाली चिठ्ठी, आमच्या चार चांगल्या लोडांशी ताडून बघितलेले आकडे. मोजले, दहा. दहाच का, असं मनात आलं, आणि दुसऱ्या क्षणी उत्तरही आलं: चार आणि दहा, चौदा.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, हे कधीचे. म्हणाल्या, "आत्याबाईंच्या डोळ्याचं आपरेशन झालं ना इंदापूरला, तवा. दवाखान्यातनं रोज हितं यिऊन बसायचे. मला म्हणले, आता दुपार लागायची न्हाय, तासात जुडी हुईल, बाळ्याची घाई भागंल."

म्हणजे मी तिकडं दशांशाचे अंक बदलत होतो तेव्हा हा इकडं हे करत होता. हे कळल्यावर तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण बारा वर्षांचा प्रश्न, तो बाहेर पडलाच, आणि एकटा नाही, सगळं लटांबर घेऊन. म्हटलं, वहिनी, माझं चुकलं, शंभर वेळा चुकलं, पण त्यानं मला सांगायला नको होतं? एका शब्दानं? मी काय ऐकलं नसतं? परक्याकडं जायच्या आधी मित्राच्या दारात यावं माणसानं. पुण्यात माझं काय झालं ते मलाच माहीत, तो साहेब असा खण उघडतो... आणि मी त्या साहेबांसारखा हात करून दाखवत होतो, तेव्हा वहिनींनी पदरानं टेबलावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

"आले हुते की," त्या म्हणाल्या. "तुमच्या दारात. काटेवाडीला. आयतवार हुता. हा खोका पिशवीत हुता आन् ती चिठ्ठी खिशात. म्हणले, बाळ्याला दोनी दाखवतो. त्यानं जुड्या माघारी मागवल्या तर दोगं मिळून मोजू, चिठ्ठी फाडून टाकू. न्हाय म्हणला तर टाकतो पोस्टात."

आणि मला तो रविवार आठवला. आठवला म्हणजे काय, तो मी कधी विसरलोच नव्हतो, कारण तो माझ्या आवडत्या दिवसांपैकी होता. भाचीच्या सुपारीची बोलणी होती, ओसरीवर नव्या व्याह्यांची बैठक बसली होती, आणि ऐन रंगात सदा दारात उभा राहिला. मी म्हटलं, या, आमचे शास्त्रज्ञ आले. त्याला मधोमध बसवलं आणि त्याच्यासमोरच त्याची नक्कल सुरू केली: मशीनच्या पाठीवर थाप कशी मारतो, लोडांना नेलपॉलिश कशी लावतो, एक जुडी मोजेस्तोवर बाहेर मेथीचं बी पेरलं तर भाजी कशी निघते. व्याही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सदाही हसला. मधे दोनदा म्हणाला, "बाळ्या, जरा बाजूला ये की." मी म्हटलं, थांब रे, आता खरी गंमत आहे. त्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि ती त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. कधी उठून गेला ते मला कळलं नाही. पाहुण्यांना मी मोठ्यानं म्हणालो होतो, बघा, पाणीसुद्धा मोजून पिऊन गेला.

"घरी आल्यावर काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय न्हाय. म्हणले, बाळ्या लई रंगात हुता. जेवले, आन् सकाळी पोस्टात गेले."

खिडकीतून डाळिंबाची बाग दिसत होती. एक बाई वाकून पाण्याला वाट करून देत होती, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकत होतं. काहीतरी म्हणायला हवं होतं, माफीचं, किंवा निदान सदाबद्दल काही चांगलं, आणि माझ्याकडं शब्द कधी कमी पडत नाहीत हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मी खोक्याचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. कपात चहावर साय धरत होती. वहिनींनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कप उचलला.

"आत्ता गप बसलाय, भावजी," त्या म्हणाल्या. "माणूस गेल्यावर."